त्याला काय कळतंय?

"त्याला काय कळतंय?" तीव्र विकासविलंब असलेल्या लहान मुलाबद्दल हे वाक्य आपल्या बुऱ्हाणपुरात मी मराठीत ऐकलंय, हिंदीतही ऐकलंय. चार वर्षांचं होऊनही न बोलणारं, धड न बसणारं मूल दिसलं की लोक सहज असं म्हणून जातात. मला वाटतं, प्रश्न उलटा विचारायला हवा. त्याचं आपल्याला काय कळतंय?

साधारण दीड-दोन महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघून हसतं. सात-आठ महिन्यांचं झालं की अनोळखी माणूस दिसताच आईला बिलगतं. वर्षाच्या आसपास बोटाने चिमणी दाखवतं आणि आपणही बघितली ना, हे आपल्या तोंडाकडे बघून ठरवतं. हाच सामाजिक-भावनिक विकास. तीव्र विलंब असलेल्या मुलांतही यातले टप्पे दिसतात, पण बरेच उशिरा, आणि खुणा पुसट असतात. चार वर्षांचं असं मूल पाहुणे आले की रडतं, तेव्हा तो हट्टच असेल असं नाही. आपली माणसं कोण, परकी कोण, हे त्याला आत्ता कुठे कळू लागलेलं असू शकतं.

खरी अडचण इथे येते. आई हसते, मूल हसत नाही. ती हाक मारते, ते बघत नाही. रोज असं झालं की तिचं बोलणं कमी होतं. भरवणं, धुणं, निजवणं एवढंच उरतं. मग मुलाला उत्तर द्यायची संधीही कमी होते.

अमेरिकेतल्या सेल्मा फ्रायबर्ग यांनी जन्मांध बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचे चेहरे निर्विकार वाटायचे, पण हात बोलायचे. त्यांनी आयांना बाळाच्या हातांकडे बघायला शिकवलं. विलंब असलेल्या मुलांबाबतही हे उपयोगी आहे. एखाद्याचं उत्तर म्हणजे पायाची हालचाल असते, एखाद्याचं श्वास रोखणं. मान फिरवणं म्हणजे कधीकधी "आता पुरे".

म्हणून हाक मारल्यावर मनात दहा आकडे मोजावेत, लगेच दुसरी हाक मारू नये. आपल्याकडे कित्येक घरांत पॉवरलूमचा खडखडाट असतो. लूम बंद असेल ती वेळ खेळायला बरी. रोज तेच गाणं, तोच खेळ असावा. पुढे काय येणार हे कळलं की मूल वाट बघू लागतं.

तपासणीही हवीच. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते, त्यात विकासविलंबही पाहतात. अंगणवाडीताईंना विचारलं तर पुढची वाट कळते.

आणि मित्रमैत्रिणींनो, आपण तर शेजारीपाजारी आहोत. अशा घरी गेलात तर फक्त आईशी बोलू नका. मुलाजवळ बसा, त्याला नावाने हाक मारा आणि जरा थांबा.