गोंडाइट आणि त्याची यादीतून वगळलेली भावंडं

विदर्भातल्या खनिजांचा आढावा म्हटलं की कोळसा आणि लोखंड पुढच्या रांगेत येऊन बसतात. त्यांचे भाट पुष्कळ आहेत. क्रोमाइट, कायनाइट यांनाही इथूनच नमस्कार करतो आणि मँगनीजकडे वळतो. मला लिहायला सांगितलं तेव्हा संपादकांना याची कल्पना असणारच.

मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग आणि पलीकडे बालाघाट, असा हा पट्टा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुईस ली फर्मरनं १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. आमच्या पिढीनं तो पोथीसारखा वाचला. स्पेसार्टाइट गार्नेट आणि क्वार्ट्‌झ यांच्या इथल्या खडकाला त्यानं गोंड लोकांवरून गोंडाइट म्हटलं. बाहेरून हा खडक काळाकुट्ट, मातकट. हातोड्यानं ताजा फोडला की आत नारिंगी दाण्यांचा खच दिसतो. भिंग नसलेला माणूस त्याला हमखास दगड म्हणून फेकतो.

गोंडाइट झिजून बरंचसं धातुक तयार झालं, असं फर्मर मानत होता. पुढच्या नकाशांनी दाखवलं की धातुकाचे थर मूळ गाळातच होते आणि बाकीच्या खडकांबरोबर तेही भाजून, दाबून निघाले. इथवर ठीक. पण त्यावरून काही विद्वानांनी गोंडाइटलाच निकालात काढलं, ते मला कधी पटलं नाही. जिथे गाळात मँगनीज जवळपास निखळ होतं तिथे ब्राउनाइट हे धातुक झालं. जिथे वाळू-चिखल मिसळला तिथे गार्नेट. थर एकच. खडकांच्या घड्यांमध्ये धातुक चिमटलं जातं आणि गोंडाइट त्याच पातळीवर पुढे चालत राहतं. ड्रिलिंगच्या नोंदवहीत त्यापुढे ‘वेस्ट’ लिहून मोकळं होणाऱ्यांनी पुढचा थर कशाच्या आधारानं शोधायचा? आणि वेस्ट तरी कुठवर? खनिज निसर्ग घडवतो, धातुक बाजार ठरवतो. टक्का आणि भाव जुळला की कालचा ढिगारा आज जिगवर, म्हणजे धातुक वेगळं करणाऱ्या यंत्रावर, चढतो.

धातुकाचा उपयोग सर्वांना ठाऊक आहे. पोलादातलं गंधक मँगनीज बांधून ठेवतं, आणि हॅडफील्डनं १८८२ मध्ये शोधलेलं बारा-तेरा टक्के मँगनीजचं पोलाद रेल्वेच्या क्रॉसिंगमध्ये बसतं. डोंगरी बुजुर्गचा डायऑक्साइड ड्राय सेलमध्ये जायचा. बस.

माझा जीव फर्मरच्या नावांत अडकला आहे. छिंदवाड्याच्या सीतापारवरून सीतापाराइट, आपल्या बेलडोंगरीवरून बेलडोंग्राइट, सहकाऱ्याच्या नावानं व्रेडेनबर्गाइट. सीतापाराइट म्हणजे बिक्सबाइटच निघालं; व्रेडेनबर्गाइट हे हाउसमनाइट आणि जेकबसाइट यांचं मिश्रण ठरलं. नावं यादीतून गेली. झाबुआच्या काजळीडोंगरीचं हॉलंडाइट तेवढं टिकलं. शास्त्राच्या हिशेबानं हे रास्त आहे, तक्रार नाही. तक्रार आहे ती नाव गेलं म्हणून नमुनाही गेला याची. फर्मरच्याच नावांतलं ब्लॅनफर्डाइट आता स्वतंत्र खनिज मानत नाहीत, मँगनीजयुक्त पायरॉक्सिन म्हणतात. पण त्याचा पातळ काप ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, वरचं निकोल, म्हणजे वरचा ध्रुवक, बाहेर काढा आणि मंच हळूहळू फिरवा: गुलाबी रंग जातो, आकाशी निळा येतो. एका शिक्षणसंस्थेत असे कापांचे डबे जागा अडते म्हणून रद्दीबरोबर गेले. डब्यांवर जुनी नावं होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

हल्ली मुलं एक्स-रेचा आलेख आणतात आणि खनिज कोणतं ते आलेखावरून सांगतात. छान आहे. पण बोट काळं करतो तो पायरोल्युसाइट, पोलादी करडा आणि दाणेदार तो ब्राउनाइट, आणि तो हातात जड लागतो, हे खाणीवर धातुक निवडणाऱ्या बायांना कुणी शिकवलं नव्हतं. पाटीत टाकायचा तुकडा त्या हातात झेलूनच ठरवत. भूशास्त्राचे पदवीधर घेऊन मी खाणीवर गेलो, की पहिला तास त्यांना त्या बायांशेजारी बसवायचो. कपडे खराब होतात म्हणून काहींनी प्राचार्यांकडे तक्रार केली होती.