गाय उलटली, पण दोष कोणाचा?

गाय माजावर आली, वळूला लावली, आणि वीस-एकवीस दिवसांनी पुन्हा हंबरू लागली. असे दोन-तीनदा झाले की तिला भाकड ठरवून बाजार दाखवतात. वळूकडे बोट दाखवणारा विरळाच!

वळूचा शुक्रजंतू इतका लहान की चौदा-पंधरा एकापुढे एक ठेवले तर एक मिलिमीटर भरतो. वारसा सारा डोक्यात. शेपटीचे काम पोहण्याचे. दोन्ही जोडणारी मान अगदी नाजूक. खुब्याच्या वाटीत मांडीचे हाड बसावे तसा मानेचा माथा डोक्याच्या बुडाशी असलेल्या खळगीत बसतो. अंड्यात शिरल्यावर शेपटी विरून जाते, पण मानेतला एक कण गर्भाच्या पहिल्या फाळणीला कामी येतो. तोवर सांधा टिकला पाहिजे.

तो आधीच सुटला तर? १९४९ साली ब्रिटनमध्ये गर्न्सी जातीच्या वांझ वळूंमध्ये हा दोष नोंदला गेला. डोकी एकीकडे, शेपट्या एकीकडे, आणि गंमत अशी की नुसत्या शेपट्याच जोरात पोहत होत्या! शेपटीची शक्ती तिच्याच वरच्या भागात तयार होते, तिला डोके लागत नाही. म्हणून रेतात नुसती हालचाल दिसली म्हणजे ते चांगले, असे समजू नये.

असा जन्मजात दोष क्वचितच. आपल्याकडे खरा वैरी उन्हाळा. वृषण शरीरापेक्षा थंड राहावे म्हणून निसर्गाने ते बाहेर लोंबते ठेवले. यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला, किंवा वळूला लाळ-खुरकुताचा ताप आला, की वाकड्या शेपटीचे, सुट्या डोक्याचे शुक्रजंतू वाढतात. थोडेफार तर चांगल्या रेतातही असतात. पण शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस, वर पक्व व्हायला आठ-दहा दिवस. म्हणजे मे महिन्याची झळ जुलैत दिसते, वळू धडधाकट दिसत असतानाच!

म्हणून उन्हाळ्यात वळूला दाट सावली आणि भरपूर पाणी द्यावे. ताप येऊन गेल्यावर दोन-अडीच महिने त्याच्यावर विसंबू नये. पशुवैद्यकाकडून रेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावे. कृत्रिम रेतनाचे रेत उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात ठेवण्याआधी असेच तपासलेले असते. त्यानेही गाय उलटली, तर माजाची वेळ चुकली का आणि गर्भाशयात दोष आहे का, हे डॉक्टरांना विचारा. बाजाराचा विचार त्यानंतर.