नरक्याच्या लाकडात कॅन्सरचं औषध आहे म्हणतात, ते खरं किती?

सातारा/सांगली : कोयना आणि चांदोलीच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे. फुलांना घाण वास, म्हणून हे नाव. काही ठिकाणी यालाच अमृता म्हणतात. या लाकडाची चोरटी तोड नि वाहतूक अनेकदा पकडली गेली आहे. 'त्यात कॅन्सरचं औषध आहे' एवढं गावोगावी माहीत असतं. पण ते औषध करतं काय?

नंदुरबारचा शास्त्रज्ञ

नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. हे द्रव्य आधी चीनमधल्या एका झाडात सापडलं. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते वेगळं केलं. वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे अमेरिकेत. याच जोडीने १९७१ मध्ये यू झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल जगापुढे आणलं. वाणी २०२० मध्ये वारले.

दोरीचा पीळ आणि पाचर

आपल्या अंगातल्या पेशी एकाच्या दोन होतात. कॅन्सरमध्ये हे वाढणं थांबतच नाही. पेशी दुभंगण्याआधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल निघते. डीएनए म्हणजे दोन पदरी पीळ घातलेली दोरी. एकीकडून पदर उलगडायला गेलं की पुढचा पीळ घट्ट बसतो. चऱ्हाट वळणाऱ्याला हे सांगायला नको.

हा पीळ सोडवायला पेशीत एक प्रथिन असतं, टोपोआयसोमरेज. ते एक पदर कापतं, पीळ सैल करतं आणि पदर परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापलेल्या जागी पाचरीसारखं बसतं. पदर जुळत नाही. नक्कल काढणारी यंत्रणा तिथं येऊन अडते, दोरी तुटते आणि पेशी मरते. या जातीच्या औषधाची पाचर कशी बसते, त्याचा नकाशा २००२ मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने निघाला.

टॅक्सॉलचं काम वेगळं. पेशी दुभंगताना आत बारीक दोऱ्या तयार होतात आणि डीएनएचे निम्मे निम्मे वाटे दोन्हीकडे ओढतात. टॅक्सॉलने या दोऱ्या ताठरतात, सुटत नाहीत. दारातल्या सदाफुलीपासून काढलेली औषधं उलट करतात, दोऱ्या बनूच देत नाहीत. दोन्हीकडे वाटणी अडते.

केसांच्या मुळातल्या पेशीही भराभर वाढतात. म्हणून केमोत केस जातात, नंतर बहुतेकांचे परत येतात.

मग काढा का चालत नाही?

कच्चं कॅम्प्टोथेसिन विषारी आहे. १९७० च्या सुमारास रुग्णांवर चाचण्या झाल्या, तेव्हा लघवीतून रक्त जाणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटणं असे त्रास झाले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. ते नेमकं कुठं बसतं हे १९८५ च्या सुमारास कळलं. त्यानंतर त्यात बदल करून केलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाली. म्हणजे झाडापासून सलाईनपर्यंत यायला ३० वर्षं लागली. डॉक्टर ती वजन-उंची पाहून, रक्त तपासून मोजून देतात. नरक्याच्या भुकटीत किंवा सदाफुलीच्या काढ्यात किती विष उतरलं, हे कुणाला सांगता येणार?

तोडणाऱ्याच्या हाती काय?

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथं झाड तोडणं गुन्हा आहे. लाकूड तोडणाऱ्याच्या हाती चार पैसे येतात, कोर्टाच्या तारखाही त्याच्याच वाट्याला येतात. झाड मुळासकट गेलं की बीही जातं.

हे लक्षात ठेवा

- तोंडातली न भरणारी जखम, स्तनातली गाठ, अंगावरून अवेळी रक्त जाणं, शौचातून रक्त : दुखत नसलं तरी लगेच डॉक्टरांना दाखवा.
- महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड नि आधार सोबत ठेवा.
- केमो चालू असताना कोणताही पाला, काढा, भुकटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

गाठ लहान असताना दवाखाना गाठला, तर औषधाला काम करायला वाव असतो. काढ्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.