उलटा वर्ग : इंग्रजीसाठी घरचं साहित्य कसं तयार करायचं?

फ्लिप्ड क्लासरूम, मराठीत आपण त्याला 'उलटा वर्ग' म्हणू, हा आजचा विषय. सातारा-सांगलीकडच्या मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवताना त्याचं साहित्य कसं असावं, एवढ्यापुरतंच आज बोलू.

कल्पना सोपी आहे. वर्गात शिकवायचं आणि सराव घरी द्यायचा, हा आपला नेहमीचा क्रम. तो उलटा करायचा. माहिती घरी, सराव वर्गात. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या वुडलँड पार्क हायस्कूलचे जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक. खेळांच्या स्पर्धा वगैरेंमुळे मुलांचे तास बुडायचे, म्हणून २००७ च्या सुमारास त्यांनी पाठांचे व्हिडिओ करायला सुरुवात केली. पुढे सगळ्याच मुलांनी व्हिडिओ घरी बघून यायचं आणि वर्गातला वेळ प्रयोगांना आणि अडचणींना द्यायचा, अशी पद्धत बसली.

आता आपल्या इंग्रजीच्या तासाकडे बघू. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीचा मुलगा दहा वर्षं इंग्रजी शिकलेला असतो. तरी चार वाक्यं बोलताना अडतो. का? कारण तासाचा बराचसा वेळ धडा वाचणं, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगणं आणि शब्दार्थ फळ्यावरून उतरवणं यातच जातो. बोलायला वेळच उरत नाही. खरं तर शब्दार्थ मूल एकटं घरी वाचू शकतं, पण एकटं बोलू शकत नाही. बोलायला समोर माणूस लागतो आणि इंग्रजी बोलणारं माणूस बहुतेक घरांत नाही. म्हणून अर्थ घरी पाठवायचा आणि बोलणं वर्गात आणायचं, हे आमचं साधं सूत्र आहे.

पण घरी पाठवायचं म्हणजे व्हिडिओच पाठवायचा का? इथं आपल्याच भागातलं एक उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत गावात टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. गावानं मिळून घेतलेला हा निर्णय आहे. आता अशा गावात आपण 'आज रात्री व्हिडिओ बघून या' असं सांगितलं तर? अभ्यासाच्या वेळेत नेमका अभ्यासच बंद होईल. भोंगा नसलेल्या गावांतही फोन घरात एकच असतो आणि तो वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर गेलेला असतो. वसतिगृहातल्या मुलांकडे तर तोही नसतो. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, त्यांचा उपयोग जरूर करावा. पण कोड उघडायलाही फोनच लागतो. व्हिडिओवरच सगळा भार टाकला तर ज्या मुलासाठी हा खटाटोप, तेच मूल पहिल्या दिवसापासून मागे पडतं. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते गप्प बसतं, हे जास्त वाईट.

म्हणून साहित्याचा पाया कागद ठेवायचा. एका पानाचा, वीस मिनिटांत होणारा, सूचना मराठीत असलेला आणि पालकांच्या मदतीशिवाय जमणारा. एक नमुना घेऊ. मराठीत आपण म्हणतो, 'मला दोन भाऊ आहेत', 'मला ताप आहे', 'माझ्याकडे सायकल आहे'. नातं आणि आजार असला की 'मला', वस्तू असली की 'माझ्याकडे'. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'आय हॅव'. पानावर ही तीन मराठी वाक्यं, शेजारी तीन इंग्रजी वाक्यं. फरक काय दिसतो, हे मुलानं मराठीतच लिहायचं. मग आपल्या घराबद्दल पाच इंग्रजी वाक्यं करायची: भाऊ, बहीण, म्हैस, शेळ्या, सायकल, जे असेल ते. शेवटी 'मला न कळलेली एक गोष्ट' लिहायला एक रिकामी ओळ.

इंग्रजीत लिहितात एक आणि म्हणतात एक, म्हणून आवाजही हवाच. त्यासाठी शिक्षकानं स्वतःच्या आवाजात दोन-तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण करावं. सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर मुलाला म्हणायला जागा सोडून. हे शाळा सुटण्याआधी सगळ्यांना एकदा ऐकवायचं. ज्यांच्या घरी फोन मोकळा आहे त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायचं, पण ते जादा म्हणून.

दुसऱ्या दिवशी तासाची पहिली पाच मिनिटं त्या रिकाम्या ओळींना द्यायची. मग मुलांनी उठून दहा जणांना विचारायचं, 'डू यू हॅव अ सिस्टर?' 'हाऊ मेनी गोट्स डू यू हॅव?' उत्तरं तक्त्यात भरायची. नंतर वर्गासमोर सांगायचं, 'शी हॅज थ्री गोट्स'. इथं 'हॅव'चं 'हॅज' होतं, ते याच वेळी दाखवायचं. चाळीस मुलांच्या वर्गात गोंगाट होणार. होऊ द्या, तो इंग्रजीतला गोंगाट आहे.

प्रश्न येतोच, पान न वाचता आलेल्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी सगळा पाठ पुन्हा शिकवायचा नाही, नाहीतर वाचून आलेली मुलंही पुढच्या वेळी वाचणार नाहीत. आणि त्यांना वर्गाबाहेरही ठेवायचं नाही. मागच्या बाकावर बसून दहा मिनिटांत पान वाचायचं आणि मग विचारपूस करणाऱ्यांत यायचं. संध्याकाळी घरकाम किंवा धाकटं भावंड सांभाळणाऱ्या मुलीला ही दहा मिनिटं फार उपयोगी पडतात.

सगळं पुस्तक एकदम उलटं करू नका. महिन्यात दोन धडे घ्या. पानं जपून ठेवा, शेजारच्या शाळेशी अदलाबदल करा. एका शिक्षकाला वर्षभराची पानं एकट्यानं जमणार नाहीत, केंद्रातल्या पाच-सहा जणांनी वाटून घेतली तर जमतील. आता तुमचे प्रश्न घेऊ.