मुद्दाम आजारी ठेवलेले शेत

हैदराबादजवळ पटानचेरू येथे 1972 साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत काही शेते मुद्दाम आजारी ठेवली गेली. फ्युझेरियम उडम ही मातीतील बुरशी तुरीच्या मुळांतून शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते आणि रान ओले असतानाही झाड उभेच्या उभे वाळते. यालाच मर रोग म्हणतात. अशा झाडाच्या बुंध्याची साल सोलली की आत काळसर रेषा दिसतात. बुरशी वर्षानुवर्षे जमिनीत टिकत असल्याने पानांवरील फवारणी येथे व्यर्थच. म्हणून वनस्पतिरोगतज्ज्ञ यशवंत लक्ष्मण नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी, रोगट झाडांचे अवशेष गाडून बुरशीने भरलेल्या रानात असंख्य वाण पेरून जे तगले तेच निवडण्याची कष्टाची, पण खात्रीची पद्धत रुजवली. 'मारुती' हा मर-प्रतिकारक वाण अशाच चाळणीतून पुढे आला.