पहिला गोल नेव्हिलचा
बंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या टर्फवर कुणाच्या अंगात क्रोएशियाची लाल-पांढऱ्या चौकड्यांची जर्सी दिसली, तर भारताचा फुटबॉलपटू नेव्हिल डिसूझा आठवावा. मूळचा गोव्याचा, मैदान मुंबईचं. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ३ गोल मारले. भारत ४-२ जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई तोच. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही (क्रोएशिया तेव्हा त्याच देशात होता) पहिला गोल नेव्हिलचा! पण हा आनंद औटघटकेचा ठरला. झाग्रेबच्या झ्लात्को पापेत्सने लगेच बरोबरी साधली, पुढे आणखी एक गोल केला. भारत १-४ हरला. स्पर्धेत सर्वाधिक ४ गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता. १९८०मध्ये तो गेला, वय अवघं ४७.