बंदुकीच्या दस्त्याचा छद्मरंग कशामुळे टिकतो?

नागपूरच्या वायव्येस, महाराष्ट्राच्या सीमेला लागून पांढुर्णा आणि सौसर हा मराठीभाषक पट्टा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा मध्य प्रदेशातील स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात समाविष्ट झाले. संत्र्याच्या बागा, कापूस, तूर आणि मका ही येथील पिके. शेजारी सागाचे पानझडी जंगल. रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे विदर्भातील भाषेत रोही, यांचा उपद्रव अशा शेतीला नित्याचाच. गवा आणि रानडुकरांमुळे रात्री जागणाऱ्या गोव्यातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये शेती संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. अशा जुन्या बंदुकीचा किंवा रायफलीचा लाकडी दस्ता कधी ना कधी उघडा पडतो आणि त्याला नवे लेपण द्यावे लागते. त्या वेळी परिसरात मिसळून जाणाऱ्या छद्मरंगाचा, म्हणजेच कॅमोफ्लाजचा विचार पुढे येतो. बहुतेकांचे लक्ष नक्षीकडे जाते. रंगाचे आयुष्य मात्र त्याच्या खालच्या लाकडावर ठरते.

लाकूड हवेतील ओलाव्यानुसार फुगते आणि आकसते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडात सुमारे ६ टक्के ओलावा राहतो; आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तो १८ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. पांढुर्ण्याच्या कोरड्या, कडक उन्हाळ्यानंतर लगेच पावसाळा येतो, तेव्हा दस्त्याला दरवर्षी हा सगळा पल्ला पार करावा लागतो. लाकूड हलते आणि कडक रंगाचा थर हलत नाही. म्हणून तो तडकतो. तडीतून पाणी आत शिरते, लाकूड आणि नळी यांच्या सांध्यात साचते आणि तेथे न दिसणारा गंज धरतो. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूची राखही ओलावा ओढून घेते. गंजाने पातळ झालेली नळी चालवणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि त्यात किनाऱ्याची खारी हवा. येथे ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

पर्याय मुख्यतः चार. पहिला, कापडी छद्मपट्टी. ती स्वस्त असते आणि केव्हाही काढता येते. पण भिजली की ओल धरून ठेवते. कोरड्या दिवसांपुरती ती ठीक, पावसाळ्यात ती काढून ठेवणेच योग्य.

दुसरा, फवारणीचा मॅट रंग. हात, गाल आणि खांदा जेथे टेकतो तेथे तो आधी झिजतो. मात्र झिजलेला भाग थोडक्या खर्चात पुन्हा भरता येतो, हा त्याचा मोठा गुण.

तिसरा, पाण्यावरील छापील पापुद्र्याचा. पाण्यात विरघळणाऱ्या पापुद्र्यावरील नक्षी पाण्यावर तरंगत ठेवून वस्तू त्यात बुडवली जाते. नक्षी सुबक येते, परंतु शाईचा थर अतिशय पातळ असतो. टिकाऊपणा वरच्या पारदर्शक मॅट लेपाचा. शिवाय लाकूड आधी सर्व बाजूंनी बंद केलेले नसेल, तर बुडवतानाच ते पाणी पिते.

चौथा, सिरॅमिकयुक्त लेप. चारही पर्यायांत कठीण हाच; पण धातूसाठीचे प्रकार १२० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत तापवून पक्के करतात. लाकूड त्या उष्णतेत तडकू शकते. दस्त्यासाठी हवेत सुकणाराच प्रकार घ्यावा लागतो.

फवारणी असो वा छाप, पूर्वतयारी एकच. जुन्या दस्त्यात वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते आणि तेलावर रंग धरत नाही. टर्पेंटाइनने पुसून, सुकवून, पॉलिशपेपरने घासून मग पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अद्याप शिल्लक आहे. नळीखालची खाच, स्क्रूची छिद्रे आणि दस्त्याचे मागचे टोक येथूनच ओलावा जास्त शिरतो, म्हणून प्रायमर तेथेही पोहोचला पाहिजे. रंगाचे थर पातळ द्यावेत. न दिसणाऱ्या जागी ब्लेडने बारीक जाळी कोरून त्यावर चिकटपट्टी दाबून ओढावी. रंग निघून आला तर तयारी कच्ची राहिली.

ज्यांना नक्षीची गरज नाही, त्यांना जवसाच्या तेलाचा जुना उपाय आजही आहे. लष्करी ली-एनफिल्ड रायफलींच्या दस्त्यांना हेच तेल मुरवीत. त्याने ओलावा पूर्ण थांबत नाही, मात्र थर तडकतही नाही आणि दरवर्षी नवा हात देता येतो. तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नयेत. ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावेत.

रंग निवडताना ऋतू पाहावा. सागाचे रान पावसाळ्यात हिरवे, तर फेब्रुवारीनंतर करडे-तपकिरी होते. तेथे गडद हिरव्यापेक्षा मातकट छटा वर्षभर चालते. गोव्याच्या सदाहरित रानात गडद हिरवा शोभतो. खूर असलेल्या प्राण्यांना तांबडा-नारिंगी रंग आपल्यासारखा वेगळा ओळखता येत नाही. त्यांना सावध करते ती चकाकी, हालचाल आणि वास. म्हणून लेप मॅट असणे नक्षीपेक्षा महत्त्वाचे. याच कारणाने राखणदाराने अंगावर नारिंगी पट्टा घालण्यात तोटा नाही. बागेत रात्री एकाहून अधिक माणसे असतात आणि शेजाऱ्याला न दिसणारा माणूस हा सर्वांत मोठा धोका.

कायद्याच्या बाबी विसरू नयेत. बंदुकीवरील क्रमांक आणि खुणा नष्ट करणे किंवा बदलणे कलम ८ नुसार गुन्हा आहे. रंगकामात त्या झाकून उघड्या ठेवाव्यात. शस्त्राचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत येतात. त्यामुळे काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावे, गाडी रंगवणाऱ्याकडे नव्हे. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही. रानडुक्कर मारण्यासाठीही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.

थोडक्यात, वर्षातून एकदा स्वतः तपासता येईल आणि झिजल्यावर सहज दुरुस्त होईल, असे लेपण शेतकऱ्यासाठी सर्वांत टिकाऊ. पावसाळ्यापूर्वी दस्ता आणि नळी यांचा सांधा उघडून पाहिला, तर पुढचे बरेच नुकसान टळते.